बिघडवायला परवडेल असं पेन

मानखुर्दच्या मंडाळ्यातल्या भंगाराच्या गोदामांत वस्तूची किंमत एका प्रश्नावर ठरते: ती सुटी होते का? तांबं वेगळं निघालं, ॲल्युमिनियम वेगळं झालं, प्लास्टिकची जात ओळखता आली, की भाव मिळतो. बॉलपेनच्या रिफिलीला तो मिळत नाही. प्लास्टिकची बारीक नळी, धातूचं इवलंसं टोक आणि चिकट शाई हा ऐवज इतका थोडा आणि एकमेकांत इतका अडकलेला असतो, की सोडवायची मजुरी मालाहून महाग पडावी. साहजिकच त्याची रवानगी कचऱ्यात होते, आणि तो कचरा टाकायला मुंबईने १९२७ पासून शेजारचं देवनार धरून ठेवलेलं आहे. दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारं जिन्हाओ किंवा विंग संगसारखं चिनी शाईपेन मात्र कुठलंही हत्यार न लागता दोन मिनिटांत सात-आठ तुकड्यांत सुटं होतं आणि पुन्हा जोडलंही जातं. ते लिहिण्यासाठी घ्यावंच, पण त्याहून जास्त उघडण्यासाठी घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. सामान्य माणसाने स्वतः उघडावी, समजून घ्यावी, दुरुस्त करावी आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलावी, अशा वस्तू घरात फार उरलेल्या नाहीत. ज्या उरल्या आहेत त्यांत हे पेन बहुधा सर्वांत स्वस्त आहे.

बॉलपेन बनवणं किती अवघड आहे याचा पुरावा चीननेच दिला आहे. वर्षाला अब्जावधी बॉलपेनं बनवणाऱ्या या देशाला त्यांच्या टोकाचं पोलाद बाहेरून आणावं लागत होतं. जानेवारी २०१६ मध्ये पंतप्रधान ली खछियांग यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली आणि वर्षभराने तायुआन शहरातल्या सरकारी पोलाद कंपनीने ते पोलाद जमल्याचं सांगितलं. टोकातली ती गोळी आणि तिची खोबण यांच्यातलं अंतर मायक्रॉनमध्ये मोजावं लागतं. ते चुकलं तर कुठल्याही कारागिराचा इलाज चालत नाही. शाईपेनचं गणित याच्या अगदी उलट आहे. पोलादी निबेला मधोमध एक चीर असते, खाली खाचा पाडलेला काळा तुकडा म्हणजे फीड असतो. शाई चिरेतून केशाकर्षणाने टोकाकडे येते आणि तिची जागा घ्यायला खाचांतून हवा मागे जाते. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने १८८४ मध्ये या हवेच्या आणि शाईच्या अदलाबदलीचं पेटंट घेतलं, आणि आजच्या दोनशे रुपयांच्या पेनातही तत्त्व तेच आहे. इथलं जवळपास प्रत्येक दुखणं डोळ्याला दिसतं आणि बोटांनी सुधारता येतं.

शाईपेनाची आणि अशा दुरुस्तीची मुंबईला सवय होती. १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर आणि गोविंद परशुराम दांडेकर या भावांनी गिरगावात शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली, आणि २०११ मध्ये तिचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयोकडे गेला. योगायोग असा, की शांघायमध्ये ज्या कारखान्यातून पुढे हिरो पेन आलं, तोही १९३१ चाच. पार्करने १९४१ मध्ये बाजारात आणलेल्या ५१ या पेनाचा पाठलाग करत हिरोने आपली झाकलेल्या निबेची पेनं घडवली. स्टीलचं टोपण, बाणाची क्लिप, दाबून शाई ओढणारी रबरी नळी अशा थाटातलं हिरो मराठी घरांतही पोचलं आणि खिशाला मान मिळवून देऊन गेलं. म्हणजे चिनी पेन आपल्याकडे नवं नाही. नवं एवढंच, की त्या काळी पेन अडलं की ते दुरुस्त करणारा माणूस हाताशी असे. आता तो जवळपास नाही, आणि त्याचं काम ज्याचं त्याने शिकायचं आहे.

हे शिकणं कसलं असतं? नवं चिनी पेन आलं की बहुतेकदा थोडं अडखळतं. कारखान्यातलं तेल आत राहिलेलं असतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुतलं की अर्धी तक्रार संपते. टोक कागद ओरबाडत असेल तर घड्याळजीच्या भिंगातून पाहावं, निबेच्या दोन पाकळ्यांपैकी एक खाली आणि दुसरी वर असते. नखाने वरची हलकेच दाबली की दोन्ही एका पातळीत येतात. शाई कमी येत असेल तर पितळेची कागदाहून पातळ पट्टी चिरेतून फिरवावी. फारच बदाबदा येत असेल तर पाकळ्या जवळ आणाव्यात. टोपण लावूनही पेन सुकत असेल तर टोपणाला हवा कुठून मिळते ते शोधून तिथे मेणाचा एक थेंब सोडावा. आता यात काय मोठं, असं कुणी म्हणेल. मोठं हे, की प्रत्येक पायरीवर कारण आणि परिणाम एकाच टेबलावर दिसतात. मोबाइल बिघडला की बिघाड कुठे आहे हेच आपल्याला दिसत नाही, दुकानदार सांगेल ते खरं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वाहनं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेतीची अवजारं तिच्या कक्षेत घेतली. चांगलंच झालं. पण हक्क मिळाला आणि पान्हा धरता येत नसेल, तर त्या हक्काचा उपयोग दुसऱ्याच्या बिलावर सही करण्यापुरताच राहील.

चुकण्याची किंमत कमी असणं यात निर्णायक आहे. लाखाच्या घरातल्या पेनाच्या निबेला कुणी खरखरीत कागद लावणार नाही, आणि लावूही नये. दोन हजारांच्या पेनालाही हात कचरतो. दोनशेच्या पेनाची निब वाकली तर हळहळ होते, पण त्या वाकण्यातून किती जोर जास्त झाला हे बोटांना कळतं. शिवाय यांतल्या अनेक पेनांची निब प्रचलित मापाचीच असते, त्यामुळे खराब झालेली काढून दुसरी बसवता येते. टोक गुळगुळीत करायच्या नादात ते इतकं गोल घासलं जातं की चिरेचं तोंड कागदाला टेकतच नाही आणि पहिला फटका कोरा जातो, ही हौशी माणसाची ठरलेली चूक. ती स्वस्तात करून घ्यावी.

मराठी लिहिणाऱ्याला यात एक वेगळंच कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठं. बाजारातल्या जाड-बारीक रेघ काढणाऱ्या निबा रोमन लिपीसाठी कापलेल्या असतात. नागरीचं वळण बोरूतून आलं, आणि बोरूचा काप रोमनच्या उलट बाजूला तिरका असतो. म्हणून इंग्रजी सुलेखनाच्या निबेने ‘क’ किंवा ‘ळ’ काढला तर जिथे वजन हवं तिथे रेघ बारीक होते आणि जिथे निमुळती हवी तिथे जाड. मंगल हा फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकारांनी नागरीचा विचार लेखणीच्या कापापासून सुरू केला तो यामुळेच. पण रोजच्या वापराचं, खिशात ठेवायचं, नागरीच्या कापाचं शाईपेन कुठल्याही मोठ्या कंपनीच्या दुकानात ठेवलेलं दिसत नाही. ते घरी करता येतं. निबेच्या टोकाशी कठीण मिश्रधातूचा मणी असतो. तो बारीक दाण्याच्या दगडावर पाणी घालून सपाट करायचा, मग बोरूच्या दिशेने तिरका घासायचा, कोपरे मोडायचे आणि शेवटी पॉलिशच्या कागदावर फिरवायचा. मणी कमी झाला की निब लवकर झिजते, हे खरं. काही महिन्यांनी दुसरी घासावी. कुणी कितीही श्रीमंत असला तरी सोन्याच्या निबेवर हा प्रयोग पहिल्यांदा करणार नाही. स्वस्त चिनी निब नसती तर आपल्या लिपीला बेतलेली निब हा विचार बहुतेकांच्या हाती वस्तुरूपात आलाच नसता.

आता आक्षेपांकडे. गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीनंतर, म्हणजे जून २०२० पासून, चिनी वस्तू घ्यावी का हा प्रश्न केवळ किमतीचा राहिलेला नाही. त्यातली भावना मला खोटी वाटत नाही. पण हिशेब पाहा. चीनकडून होणारी आपली आयात २०२३-२४ मध्ये १०० अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि तिचा मोठा भार विजेची उपकरणं, यंत्रं आणि रसायनांचा आहे. पेनावर बहिष्कार घालून मोबाइल हातात ठेवणं ही स्वस्तात सुटण्याची युक्ती झाली. पेनाच्या स्वदेशीचा इतिहासही सरळ रेषेतला नाही. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून देशी पेन घडवलं, १९३५ मध्ये गांधीजींनी पत्राने त्याची पोच दिली. आज मात्र देशात एबोनाइट आणि ॲक्रिलिकची सुंदर पेनं हाताने कातणारे अनेक कारागीर निब जर्मनीच्या जोवो किंवा बॉककडून आणतात. त्यात कमीपणा नाही. मात्र त्यातून एक गोष्ट दिसते: अंग आपण घडवतो, निब मात्र बरेचदा बाहेरून आणतो. निब उघडून, वाकवून, घासून पाहणारे हात वाढले तर ही उणीव भरून निघायची शक्यता वाढते. मुंबईच्या एअरमेल कंपनीची ड्रॉपरने भरायची साधी पेनं आजही स्वस्तात मिळतात. ज्याला चिनी पेन नको त्याने ती घ्यावीत, माझ्या युक्तिवादाला काहीच धक्का बसत नाही.

नकलेचा आक्षेप जास्त टोकदार आहे. जिन्हाओचं एक मॉडेल जर्मन लामीच्या सफारीसारखं, दुसरं माँ ब्लांच्या १४९ सारखं दिसतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. दुसऱ्याचं नाव आणि चिन्ह कोरून विकणं ही फसवणूक आहे आणि तसं पेन घेऊ नये. जुन्या आकारावर स्वतःचं नाव घालून विकणं वेगळं. भारताच्या २००० च्या डिझाइन कायद्यातही नोंदलेल्या आकाराला जास्तीत जास्त १५ वर्षांचं संरक्षण आहे, आणि सफारी १९८० ची, १४९ तर १९५२ ची. डिझाइनचा कायदा याहून जास्त सांगत नाही, पण अभिरुचीचा मुद्दा उरतो. सारख्या आकाराच्या शंभर नकला पाहिल्या की कंटाळा येतो, आणि चिनी कंपन्यांनी स्वतःचं असं काही कमी केलं ही तक्रार रास्त आहे. अलीकडे काही कंपन्या पिस्टनची आणि आतल्या रचनेची नवी कामं करू लागल्या आहेत, तिकडे लक्ष ठेवावं.

खरा धोका मला तिसऱ्या बाजूने दिसतो. पेन स्वस्त आहे म्हणून एकेका रंगाचं एकेक, मग पारदर्शक, मग चमकीचं, अशी तीस-चाळीस पेनं ड्रॉवरमध्ये साठतात, त्यांतली बहुतेक एकदाच शाई पाहतात आणि ती सुकून फीडमध्ये खडा होते. असा माणूस बॉलपेनवाल्यापेक्षा कमी कचरा करत नाही, उलट जास्त करतो. काही पेनांचं पारदर्शक प्लास्टिक तडकतं हेही खरं. त्यामुळे माझा आग्रह दोन पेनांपुरता आहे. एक रोजच्या लिहिण्याला, एक छेडछाडीला. शाई साधी, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची वापरावी, चित्रकलेची लाखयुक्त काळी शाई आत घातली की धुवून निघत नाही. वेळ जातो, बोटं निळी होतात, हेही आहेच. पण ज्यांना संध्याकाळचे दोन तास मोबाइलवर बोट फिरवायला मिळतात त्यांनी वेळेचं कारण देऊ नये.

पेन उद्योगातल्या लोकांकडून यात काही मागता येण्यासारखं आहे, आणि ते फार महाग नाही. शाई, रंग आणि कागद विकणाऱ्या आपल्या मोठ्या कंपन्यांनी पोलादाची सुटी निब, बोरूच्या दिशेने आधीच तिरकी कापलेली, प्रचलित मापात, पेनाच्या पाव किमतीत विकायला काढावी. ती आधी चिनी पेनांतच बसेल. मुंबईतल्या अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक दुकानांतून ती पाकिटाने उचलली जाते का, हे पाहून मग तिच्याभोवती देशी पेन घडवायचं की नाही ते ठरवावं.