शून्य किलोचं लेकरू

सोमवार, सकाळी साडेनऊ. थंडगार एसी, मशीनची गुळमट कॉफी आणि भिंतीवर डॅशबोर्ड. चौकोन हिरवा दिसला की साहेब खूश, लाल दिसला की कुणाचा तरी आठवडा खराब. तुमच्याकडेही हेच ना?

तर मंडळी, त्या चौकोनांना रंग देणारा माणूस म्हणजे अस्मादिक! हिंजवडीत बसून मोठ्या कंपन्यांचे रिपोर्ट बनवतो. कार्डावर 'बिझनेस इंटेलिजन्स' लिहिलंय, तरी आई अजून विचारते, "म्हणजे नक्की करतोस काय?"

सोपंय. विक्री एका सॉफ्टवेअरमध्ये, गोदामातला माल दुसऱ्यात आणि डेपोवाल्यांचा हिशेब एक्सेलमध्ये. रात्री सगळे झोपले की आमचा प्रोग्रॅम हे गोळा करतो, निवडून-पाखडून एका जागी रचतो. सकाळी साहेब दिल्लीत असोत की दुबईत, ब्राउझर उघडला की आकडे हजर. हे नावही काही कालचं नाही. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्येच या नावाने लेख लिहिला होता. २००७ साली तर खरेदीची झुंबडच उडाली. ओरॅकलने हायपेरियन घेतली, सॅपने बिझनेस ऑब्जेक्ट्सचा आणि आयबीएमने कॉग्नोसचा सौदा जाहीर केला. एवढा पैसा कशासाठी? तर साहेबांना एका नजरेत सगळं दिसावं म्हणून.

दिसतं, पण काय दिसतं?

गेल्या पावसाळ्यात एका कंपनीचा लांबचा डेपो सलग तीन दिवस लालभडक. विक्री शून्य! मीटिंगमध्ये डेपो मॅनेजरला स्पीकरफोनवर सगळ्यांसमोर झापलं. तो बिचारा सांगत होता, "सर, लाइन बंद होती, माल गेलाय." ऐकतंय कोण? भिंतीवर लाल दिसत होतं ना!

संध्याकाळी मी मागचा डेटा उघडला आणि पोटात गोळा आला. तीन दिवस त्या डेपोचे आकडे आलेच नव्हते. आणि आकडा नसेल तिथे शून्य दाखवायचं, हा नियम लिहिला होता मीच! का? तर रिकामा चौकोन दिसायला बरा दिसत नाही म्हणून. चौथ्या दिवशी आकडे आले, चौकोन हिरवा झाला, सगळे विसरले. मीही गप्प बसलो.

दिवाळीला घरी चंद्रपूरला गेलो, तिथून जिवतीला ताईकडे. ती तिथे अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. राजुरा, गडचांदूर करत एसटी माणिकगडच्या डोंगरात चढायला लागली की मोबाइलच्या दांड्या एकेक करून निरोप घेतात. पण डॅशबोर्डने जिवतीला सोडलेलं नाही हं! जानेवारी २०२३ मध्ये नीती आयोगाचा आकांक्षित तालुक्यांचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातल्या देशभरच्या तालुक्यांत जिवती आहे. शेजारचा गडचिरोली तर २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांत. तिथेही निर्देशांक, तिथेही रँकिंग. दिल्लीतला साहेब ब्राउझर उघडतो, आमच्यासारखंच.

आणि तो आकडा जन्मतो कुठे? ताईबरोबर एका गुड्यावर गेलो, तिथे पाहिलं. सेविकाबाई लेकराला वजनकाट्यावर ठेवतात, ते हातपाय झाडतं, काटा नाचतो. वजन आधी रजिस्टरमध्ये, मग पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये. रजिस्टरमध्ये एका नावापुढे आकडा नव्हता, 'आईसोबत कापूस वेचाले गेलं' असं लिहिलं होतं. मी आपली हुशारी दाखवली, "इथे शून्य टाकायचं ना!"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "शून्य काऊन टाकू जी? शून्य किलोचं लेकरू राहते का कुठं?"

ताई हसली. मी नाही हसलो.

परतताना ताईने दुसरी गंमत सांगितली. याच तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्राबरोबर आधी आंध्रने आणि मग तेलंगणानेही वर्षानुवर्षं हक्क सांगितला. महाराजगुड्यात तर एका घराच्या काही खोल्या इकडे आणि काही तिकडे! लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्हीकडची मतदार ओळखपत्रं. आमच्या भाषेत हे 'डुप्लिकेट रेकॉर्ड', एका क्लिकमध्ये उडवायचं. पण उडवणार कुणाला? माणूस तर एकच आहे आणि घर खरंच दोन्हीकडे आहे. डोंगरावर एक जण दोनदा मोजला जातो, आणि माझ्या रिपोर्टमध्ये एक जण असून नसल्यासारखा.

पुण्याला आल्यावर पहिला फोन त्या डेपो मॅनेजरला केला. "त्या दिवशीची चूक माझी होती." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "हेच मेलवर लिहाल का? अप्रेझलच्या फाइलला लावतो." पाय लटपटले, पण लिहिलं. साहेबांनाही कॉपी केली. मला जे ऐकायचं होतं ते ऐकलं, तो भाग सोडा.

आता माझ्या डॅशबोर्डवर तिसरा रंग आहे, राखाडी. 'आकडा आलेला नाही', आणि खाली शेवटचा आकडा कधी आला ती तारीख. परवा साहेबांनी विचारलंच, "ये ग्रे क्या है?"

म्हटलं, "सर, इथे फोन करून विचारायचं."

तुमच्या स्क्रीनवर उद्या एखादा चौकोन लाल दिसला, तर झापण्याआधी एवढं विचारा: शून्य आहे, की लेकरू कापूस वेचायला गेलंय?