अंगठा उमटला नाही तर?

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या छोट्याशा गावाचे नाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशभर पोहोचले. देशातले पहिले आधार क्रमांक तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते तिथे देण्यात आले. ज्याच्यापाशी दाखवायला एकही कागद नाही, त्याला त्याची बोटे आणि डोळेच ओळख मिळवून देतील, ही कल्पना मोठी होती.

पण ऊसतोडीत, मोलमजुरीत ज्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या, त्यांचे काय? कुष्ठरोगाने ज्यांची बोटे नेली, त्यांचे काय? रेशन दुकानातले यंत्र म्हातारीचा अंगठा घेत नाही. ती बोट पदराला पुसते, पुन्हा टेकवते. मागे रांग खोळंबते आणि तिलाच अपराध्यासारखे होते. ठसा जुळला नाही म्हणून कोणाचे धान्य अडवू नये, असे केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. तिला ते सांगायचे कोणी?

माझी नोकरी बँकेतली. हाताचा अंगठाही उठवता न येणाऱ्या आजारी खातेदाराच्या पायाच्या अंगठ्याचा ठसा बँकेत चालतो. साक्षीदार दोन लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाईचे पॅड घेऊन मी अशा खाटांपाशी गेलो आहे. हात चालला नाही तर काय, हा प्रश्न नियम करणाऱ्याने आधीच स्वतःला विचारला होता. बँकेने खातेदारापुढे वाकायचे, हे त्यात गृहीत होते.

सर्वांना वापरता येईल अशी वस्तू किंवा संकेतस्थळ घडवणे म्हणजे तरी वेगळे काय? चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखा म्हटले की अंध माणूस दाराबाहेरच राहतो. बटणाला नाव दिलेले नसेल, तर पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्याला नुसते ‘बटण’ एवढेच सांगते. सूचना फक्त आवाजात असेल, तर बहिऱ्याची पंचाईत. आणि जिथे घरात भिली किंवा पावरी बोलतात, तिथे इंग्रजी पडदा धडधाकट माणसालाही अपंग करतो.

ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना ‘पापण्या मिटा’ म्हणणाऱ्या यंत्रापुढे आपण जिवंत आहोत हेही सिद्ध करता येईना. अखेर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि ओळख पडताळणीच्या पद्धती बदलण्याचे आदेश दिले. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा तर २०१६ चाच आहे.

ही काही मूठभरांची गोष्ट नव्हे. चष्म्याचा नंबर वाढतो, हात थरथरू लागतात. आज ना उद्या त्या रांगेत आपणही असणार. म्हणून सरकारी असो वा खासगी, नवे यंत्र विकत घेणाऱ्या साहेबाने सही करण्यापूर्वी विक्रेत्याला एवढेच विचारावे: अंगठा उमटला नाही तर?