स्टेपनी नसलेली गाडी आणि बॅकअप विकणारा मी



या आठवड्याच्या व्हिडिओत गाडीच्या डिकीचा किस्सा मी दोन मिनिटांत उरकला. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, नक्की झालं काय होतं?" म्हणून आज सविस्तर लिहितोय. किस्सा गाडीचा आहे, पण तो तुमच्या दुकानापर्यंत येणार आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

माझं कराडला इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे मी विकतो काय, तर बॅकअप. लाईट गेली तर काय कराल, हा प्रश्न मी रोज दहा गिऱ्हाइकांना विचारतो. आणि हाच माणूस अठरा लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला तेव्हा त्यानं डिकीतला पत्रा उचलून बघितला नाही. टेस्ट ड्राइव्ह घेतली, सनरूफ उघडून बघितलं, स्क्रीनवर गाणी लावली, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते ते चार वेळा विचारलं. स्टेपनी आहे का, हे एकदाही विचारलं नाही. चारचाकी म्हटल्यावर पाचवं चाक असणारच, हे आपण लहानपणापासून गृहीत धरलेलं असतं.

कुंभार्ली घाटात

गेल्या पावसाळ्यात चिपळूणला व्यापाऱ्यांची एक बॅच होती. साडेदहाची वेळ. मी साडेसहाला घर सोडलं. पाटण, कोयनानगर, हेळवाक, सगळं व्यवस्थित. घाट सुरू झाला आणि एका वळणावर पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही. खाडकन आवाज आला. लगेच स्क्रीनवर पिवळा दिवा. डाव्या बाजूच्या पुढच्या टायरची हवा बघता बघता ३४ वरून ११ वर आली. जरा रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली.

मनात म्हटलं, पंक्चर आहे, काढू स्टेपनी. डिकी उघडली, चटई काढली, पत्रा उचलला. खाली थर्माकोलसारखा एक साचा, त्यात एक छोटा कॉम्प्रेसर आणि एक बाटली. बस्स.

बाटलीवरच्या सूचना वाचल्या. बाटलीतलं द्रव टायरमध्ये भरायचं, कॉम्प्रेसरनं हवा मारायची, थोडं अंतर हळू चालवायचं, म्हणजे आतून भोक बंद होतं. पावसात भिजत सगळं केलं. टायरच्या बाजूच्या भिंतीतून ते पांढरं पाणी दुधासारखं बाहेर यायला लागलं. खड्ड्याच्या धारेनं टायर बाजूनं दोन बोटं कापला होता. ही बाटली खिळ्यानं पडलेल्या भोकासाठी असते, तीही रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या, साधारण चार ते सहा मिलिमीटरच्या. बाजूची भिंत फाटली तर बाटलीचा काही उपयोग नाही. हे त्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते घाटात वाचलं.

तेवढ्यात भाजी घेऊन चिपळूणला निघालेला एक पिकअप थांबला. चालवणारे मामा पन्नाशीचे. खाली उतरले, टायर बघितला आणि म्हणाले, "काढा की स्टेपनी, धा मिन्टात बसवतो."

मी म्हटलं, "मामा, या गाडीला स्टेपनीच नाही."

त्यांनी वाकून डिकीत बघितलं. माझ्याकडे बघितलं. "केवढ्याची घेतली गाडी?"

मी आकडा सांगितला. मामा काही बोलले नाहीत. फक्त स्वतःच्या पिकअपखाली लटकलेल्या चाकाकडे त्यांनी एक नजर टाकली. खरं सांगतो, ती नजर मला शब्दांपेक्षा जास्त लागली.

रेंज नव्हती. अर्धा किलोमीटर मागे चालत गेलो तेव्हा कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लागला. मुलगी गोड बोलली. गाडी उचलून नेणारा ट्रक कराडहून येणार, तीन तास लागतील. गाडी घाटात सोडून जाता येईना. तिकडे हॉलमध्ये अठरा व्यापारी येऊन बसले होते. कोणी गुहागरहून, कोणी दापोलीहून, दुकानाचं शटर दिवसभर बंद ठेवून. साडेबाराला मीच फोन करून सांगितलं, "माफ करा, आज जमत नाही." फी परत केली, आणि पुढच्या महिन्यात तीच बॅच फुकट घेतली. अठरापैकी अकराच आले. उरलेल्या सात जणांचा एक दिवस आणि माझ्यावरचा विश्वास, दोन्ही त्या घाटात गेले.

टायरचं तर आणखी वेगळंच. त्या मापाचा टायर कराडात नव्हता. मागवून घेतला, तिसऱ्या दिवशी गाडी हातात आली. घाटात एक चाक मिळालं असतं, तर अर्ध्या तासात पुढे निघालो असतो.

कंपनीची बाजू

आता राग बाजूला ठेवून बोलू. मी स्वतः धंदा करतो, त्यामुळे कंपनीनं हे का केलं ते मला कळतं.

एक तर हे कायद्याला धरूनच आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या, चालक धरून नऊ माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी देण्याची सक्ती नाही. माझ्या गाडीत हे तिन्ही होतं.

दुसरं, जागा आणि वजन. चाक, जॅक, पाना मिळून पंधरा-वीस किलो सहज होतात. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी, सीएनजी गाडीत टाकी, यांनी जागा आधीच खाल्लेली असते. वजन कमी झालं की गाडी थोडी जास्त पळते, डिकी मोठी दिसते, खर्चही वाचतो.

तिसरं, आपलं वागणं. माझ्या जुन्या गाडीला स्टेपनी होती. सहा वर्षांत मी तिची हवा किती वेळा तपासली? शून्य वेळा. गाडी विकायच्या दिवशी बघितलं तर ती चप्पट बसलेली. शिवाय पाऊस, अंधार, शेजारून शंभरच्या वेगानं जाणाऱ्या गाड्या, अशा जागी चाक बदलत बसणं हेसुद्धा धोक्याचंच काम आहे. साध्या खिळ्यासाठी किट खरंच सोयीचं आहे. ज्याला जड चाक उचलवत नाही त्याच्यासाठी तर जास्तच.

एवढं सगळं मान्य. मग माझी तक्रार काय?

माझी तक्रार एवढीच, की मला कोणी सांगितलं नाही. शोरूममध्ये दीड तास बसलो. सनरूफ दाखवलं, अँबियंट लाईटचे रंग बदलून दाखवले, पण "साहेब, या गाडीत स्टेपनी येत नाही, घाटात किंवा लांब जात असाल तर एक घेऊन ठेवा" हे एक वाक्य कोणी बोललं नाही. चाक काढल्यामुळे वाचलेले पैसे कंपनीचे आणि चाक नसल्याची जोखीम माझी. जोखीम माझ्या डोक्यावर द्यायला हरकत नाही, पण देताना सांगा तरी. मी पाच-सात हजार जास्त मोजून चाक घेतलं असतं. निवडायची संधीच मिळाली नाही.

आणि मग माझंच दुकान आठवलं

ट्रकची वाट बघत घाटात बसलो होतो तेव्हा एक जुनं गिऱ्हाईक आठवलं. दुकान सुरू करून वर्षच झालं होतं. एका काकांना इन्व्हर्टर विकला. किती पंखे, किती दिवे, किती तास, सगळं सांगितलं. त्यावर पाण्याची मोटर चालणार नाही, हे सांगितलं नाही. मला वाटलं, माहीत असेलच. आणि खरं बोलायचं तर, सांगितलं तर मोठा सेट लागेल, किंमत वाढेल, काका निघून जातील, ही भीतीही होती. उन्हाळ्यात लाईट गेली, काकांनी मोटर चालू केली, इन्व्हर्टर ट्रिप झाला. घरात लग्नाचे पाहुणे होते. काका भांडायला आले नाहीत. ते परत कधी आलेच नाहीत, आणि त्यांच्या गल्लीतून मला पुढे एकही ऑर्डर आली नाही.

शोरूमच्या त्या सेल्समननं माझ्याशी जे केलं, तेच मी काकांशी केलं होतं. खोटं दोघंही बोललो नव्हतो. गैरसोयीचं वाक्य तेवढं गिळलं होतं.

म्हणून आता माझ्या दुकानात बिलाच्या मागे छापलेलं असतं: "यावर काय चालणार नाही." मोटर, गिझर, इस्त्री, एसी. गिऱ्हाइकाला आधी ते वाचून दाखवतो, मग पैसे घेतो. काही जण विचार करून येतो म्हणतात आणि जातात. पण जे परत येतात ते शेजाऱ्यालाही घेऊन येतात. तुमचं दुकान कापडाचं असो, मोबाईलचं असो की मिठाईचं, तुमच्या मालात "न येणारी स्टेपनी" कोणती आहे, ते शोधा आणि विकताना तोंडानं सांगा.

गाडी घेणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी

१. बुकिंगच्या आधी डिकीतला पत्रा स्वतः उचला. पूर्ण मापाचं चाक आहे, बारीक स्टेपनी आहे, की फक्त किट, ते बघा. बारीक स्टेपनीवर साधारण ताशी ८० च्या वर जायचं नसतं, आणि ती टायरच्या दुकानापर्यंत पोचण्यापुरतीच असते.

२. किटच्या बाटलीला एक्सपायरी असते, बहुतेक चार-पाच वर्षांची. तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. आणि कॉम्प्रेसर घरी एकदा चालवून बघा. पहिल्यांदा शिकायची जागा घाट नाही.

३. बाटली वापरलीच, तर पंक्चरवाल्याला आधी सांगा. आतलं द्रव साफ करावं लागतं. काही गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर चाकाच्या आतच असतो, त्याला ते चिकटून बसू शकतं.

४. घाटात किंवा आडमार्गाला जाणं असेल तर वेगळं चाक घ्या. पण नुसता टायरचा आकार जुळून भागत नाही. रिमचे बोल्ट आणि ब्रेकला लागणारी जागाही जुळावी लागते, म्हणून तुमच्याच मॉडेलला बसतं का ते विचारून घ्या. सोबत जॅक आणि पाना घ्यायला विसरू नका. इलेक्ट्रिक गाडीत जॅक फक्त खुणेच्या जागीच लावायचा, कारण खाली बॅटरी असते.

५. हवा टायर थंड असताना तपासा, आणि तपासताना टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा किंवा चीर आहे का तेही बघा. तिथे बिघाड दिसला तर पंक्चर काढून चालत नाही, टायरच बदलावा लागतो.

६. मदत क्रमांक फोनमध्ये ठेवा, वर्गणीची मुदत बघा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. आणि रेंज नसेल तिथे यातलं काहीच चालत नाही, हे धरून चाला.

एक गंमत सांगून थांबतो

"स्टेपनी" हा शब्द आला कुठून, माहीत आहे? सुरुवातीच्या मोटारगाड्यांना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यातच बसून टायर दुरुस्त करायचा. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावातल्या डेव्हिस बंधूंनी आऱ्या नसलेली, टायर चढवलेली एक जादा रिम बनवली. ती पंक्चर चाकावर आवळून बसवायची आणि पुढे निघायचं. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून चाकाचं नावही स्टेपनी. ते नाव आपल्याकडे इतकं रुजलं की घाटातल्या मामांच्याही तोंडात ते सहज येतं.

म्हणजे बघा, गाडी बनवणाऱ्यांनी जे दिलं नव्हतं, ते दोन भावांनी ओळखलं आणि त्यावर धंदा उभा केला. सव्वाशे वर्षांनी गाड्या पुन्हा चाकाशिवाय यायला लागल्यात. कराडच्या माझ्या ओळखीच्या टायरवाल्याला मी हेच सांगितलं. त्यानं आता मापाचं चाक, जॅक आणि पाना असा सेट लांबच्या प्रवासासाठी भाड्यानं द्यायला सुरुवात केली आहे. पहिलं गिऱ्हाईक अर्थातच मी. पुढच्या गुरुवारी पुन्हा चिपळूणला बॅच आहे. या वेळी डिकीत बॅगेला जागा कमी आहे, पण साडेदहाला मी हॉलमध्ये असेन.

तुमच्या गाडीत स्टेपनी आहे का, हे आत्ता खाली जाऊन बघा. आणि तुमच्या धंद्यात कोणती गोष्ट तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायची टाळता, तेही मनाशी एकदा लिहून काढा. कॉमेंटमध्ये सांगायचं धाडस असेल तर नक्की सांगा, मी वाचतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत.