चार बाजूंचं शेत, सहा बाजूंचा नट

शेताच्या फक्त चार बाजू सांगून ‘क्षेत्रफळ किती?’ असं विचारणारा पिशाच्च असला पाहिजे, आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठं पिशाच्च, असा शेरा भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त मारला आहे. ग्रंथ ११५० सालचा. चौकोनाच्या चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही, हे त्यांना ठसवायचं होतं. उदाहरणही त्यांनीच दिलं आहे. चारही बाजू २५ घ्या. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. चारही कोन काटकोन असतील तर ६२५. बांधाची लांबी तेवढीच, जमीन मात्र जवळजवळ निम्म्यावर.

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावात हा शेरा आजही ताजा आहे. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा आणि १०८९ चौरस फुटांचा गुंठा धरून भागायचं, हा तोंडी हिशेब ग्रामीण महाराष्ट्रात अजून चालतो. आयताकृती तुकड्याला तो बरोबर बसतो. बाकी कुठल्याही चौकोनी तुकड्याला तो जमीन जास्तच दाखवतो, कमी कधीच नाही. भास्कराचार्यांच्या तिन्ही शेतांना हा हिशेब ६२५ हेच उत्तर देतो. यात घेणारा नाडला जातो, विकणारा नाही.

उपाय एका दोरीचा आहे. एक कर्ण मोजला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि तीन बाजू ठरलेला त्रिकोण जागचा हलत नाही. वेल्डिंगवाला लोखंडी फाटकाला तिरपी पट्टी मारतो, पत्र्याच्या शेडची कैची त्रिकोणांची बनवतो, ते याचसाठी.

शाळेत मात्र आकार भेटतात ते नावांनी. तीन बाजू त्रिकोण, सहा बाजू षटकोन, आठ बाजू अष्टकोन. फळ्यावरचा षटकोन नेहमी सुबक, सहाही बाजू सारख्या. मग सहा बांधांचं वेडंवाकडं वावर हाही षटकोनच, हे मुलांच्या लक्षात येत नाही. आठवीत चौकोनाच्या रचना शिकवतातच की, असं कोणी म्हणेल. शिकवतात. पण पाच मापांशिवाय चौकोन काढता येत नाही, हा वहीतला धडा बांधापर्यंत पोहोचत नाही. आकाराचं नाव सांगता येणं म्हणजे आकार कळणं नव्हे. त्यात काय पक्कं आणि काय सैल, आणि तो तसाच का, हे सांगता आलं पाहिजे.

त्यासाठी कन्नडच्या शाळांना सहल लांब काढायची गरज नाही. कन्नडहून औट्रम घाट उतरलं की चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवीचा परिसर लागतो. इथल्या पाटणे गावी सापडलेला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ स्थापन केल्याची नोंद या शिलालेखात आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांसाठी शाळा निघाली, ती याच डोंगररांगेत.

‘लीलावती’त वर्तुळात बसणाऱ्या समभुज आकृत्यांचंही एक कोष्टक आहे. व्यास १,२०,००० धरला तर त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४, षटकोनाची ६०,०००, अष्टकोनाची ४५,९२२. आजच्या गणकयंत्रावरही हे पाच आकडे तंतोतंत उतरतात. सप्तकोनाचा ५२,०५५ आणि नवकोनाचा ४१,०३१ हे दोन मात्र प्रत्येकी साधारण अकराने कमी भरतात. गंमत अशी की, कोष्टकातले जे आकार नुसती पट्टी आणि कंपास घेऊन काढताच येत नाहीत, ते नेमके हेच दोन. त्याची पूर्ण सिद्धता १८३७ साली फ्रान्सच्या पिएर वांत्झेलने दिली.

कोष्टकातला षटकोन सर्वांत सोपा, कारण त्याची बाजू व्यासाच्या बरोबर निम्मी, म्हणजे त्रिज्येएवढी. अंगणात खुंटी ठोका, दोरीने वर्तुळ आखा आणि तीच दोरी परिघावर सहा वेळा मांडा. षटकोन तयार.

पण नटाला बाजू सहाच का? याचं उत्तर ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये मिळतं. नटाला चार बाजू असत्या, तर अडचणीच्या जागी पुन्हा पकड घेण्यासाठी पाना ९० अंश फिरवावा लागला असता. सहा बाजूंना ६० अंश पुरतात. बाजू आठ केल्या तर कोपरे बोथट होतात आणि पाना सटकतो.

पोळ्यातल्या मधमाशीचं गणित वेगळं. सारख्या आकाराच्या, सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या फरशा फट न ठेवता तीनच प्रकारच्या बसतात : त्रिकोणी, चौरस आणि षटकोनी. एक चौरस सेंटिमीटर जागेला त्रिकोणाची परिमिती ४.५६ सेंटिमीटर, चौरसाची ४, षटकोनाची ३.७२. म्हणजे भिंत कमी, मेण कमी. सारख्या क्षेत्रफळाच्या घरांसाठी याहून कमी भिंतीत भागतच नाही, हे गणितज्ञ टॉमस हेल्सने १९९९ मध्ये सिद्ध केलं.

काळ्या रानातल्या भेगांतही षटकोन दिसतो. चिखल पहिल्यांदा सुकतो तेव्हा भेगा एकमेकींना बहुधा काटकोनात भिडतात. भिजणं आणि सुकणं वारंवार झालं की तिठे १२० अंशांकडे सरकतात आणि तुकडे षटकोनी होऊ लागतात. लाव्हा थंड होतानाही असंच घडलं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसॉल्टचे उभे स्तंभ त्याची साक्ष आहेत. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यगृहात, खांब मात्र अष्टकोनी आहेत. चौरस खांबाचे चार कोपरे उतरवले की अष्टकोन मिळतो, षटकोन नाही.

तेव्हा कन्नड तालुक्यातल्या शाळांनी भूमितीचे काही तास वर्गाबाहेर घ्यावेत. सामान फार नको : सुतळी, खुंट्या, मोजपट्टी, गवंड्याचा गुण्या. मुलांनी एकच वावर आधी सरासरीच्या हिशेबाने मोजावं, मग कर्ण टाकून. दोन उत्तरांतला फरक गुंठ्यांत काढावा आणि बाजारभावाने रुपयांत मांडावा. आणि परीक्षा मंडळाने दहावीच्या गणित भाग २ च्या ४० गुणांत एकदा तरी कर्ण न देता चार असमान बाजूंच्या शेताचं क्षेत्रफळ विचारावं, आणि ‘माहिती अपुरी आहे’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.