दारूबद्दल विचारलं तर 'कधीतरी' म्हणू नका

दारूचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर रस्त्यावर पडलेला माणूस येतो, नाहीतर व्यसनमुक्ती केंद्र. 'मी त्यातला नाही, म्हणजे माझा प्रश्नच नाही' असं तुम्हाला वाटत असेल, तर थांबा. गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही, पहाटे झोप मोडते, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय, असे अनेक जण रोज कामावर जाणारे, घर चालवणारे असतात. त्यांना केंद्रात भरती व्हायची गरज नसते. कोणीतरी नीट विचारायची गरज असते.

आधी हिशोब करा. व्हिस्की-रमचा ३० मिलीचा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. क्वार्टर म्हणजे असे ६ पेग. आणि 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनो, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४ पेग! हे सांगितलं की भले भले गप्प होतात.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याकडे चाललंय. त्यानंतर उपदेश करायचा नसतो. कधी, कोणाबरोबर, कशामुळे पिता, तुम्हाला स्वतःला काय बदलायचंय, एवढंच बोलायचं असतं.

गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर हे करून पाहिलं गेलं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. बैठका फार तर ४. तीन महिन्यांनी आदल्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के होते, समुपदेशन न मिळालेल्यांत १८. जे पीत राहिले त्यांचं प्रमाण मात्र फारसं घटलं नाही, हेही सांगायला हवं.

एवढ्या कमी खर्चात एवढा फरक पडत असेल, तर बीपी मोजतात तसं दारूबद्दलही प्रत्येक दवाखान्यात विचारलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. कोणी विचारत नसेल तर तुम्हीच विषय काढा. आठवड्याला किती क्वार्टर, किती बाटल्या, ते आकड्यांत सांगा.

फक्त सकाळी हात थरथरत असतील, प्यायल्याशिवाय दिवस सुरू होत नसेल, तर मनाने एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना भेटा.