साक्षीदाराने काय वगळले?

ब्लॉकचेन हे आमचे अभ्यासक्षेत्र नव्हे. तिची परिभाषा मात्र आम्हांस थबकवते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने नोंदींची शहानिशा करण्याचे काम ‘व्हॅलिडेटर’ म्हणविणाऱ्यांकडे सोपविले. असा व्हॅलिडेटर किमान ३२ इथर अनामत ठेवतो आणि नोंदींच्या नव्या गठ्ठ्यांविषयी स्वाक्षरीनिशी ग्वाही देतो. या ग्वाहीस तेथे ‘अटेस्टेशन’ म्हणतात, म्हणजे आपले साक्षांकन. भूमिका साक्षीदाराचीच आहे.

या साक्षीदाराचा दंडनीय अपराध कोणता? परस्परविरोधी दोन गोष्टींवर सही करणे. तसे घडले की अनामतीला कात्री लागते आणि त्याची हकालपट्टी होते. त्या दोन सह्या हाच पुरावा. हेतू कोणी विचारीत नाही. लबाडी आणि यंत्रातील बिघाड यांत भेद नाही. एकट्याच्या अपराधाला शिक्षा सौम्य, अनेकांनी एकाच सुमारास केला तर जबर, अशी मौजेची तरतूदही आहे. संगनमताचा संशय गणितात मांडायचा तो असा!

थोडक्यात, वदतोव्याघात तेवढा पकडला जातो. मौनाचे काय? नुसत्या गैरहजेरीला किरकोळ दंड आहे. परंतु हजर राहून एखाद्याचा व्यवहार वगळला तर? ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने टोर्नेडो कॅश या सेवेवर निर्बंध घातले. ते मार्च २०२५ मध्ये उठले. दरम्यान अनेक गठ्ठ्यांतून तिचे व्यवहार गाळले गेले. उशिरा का होईना, दुसऱ्या कोणाच्या गठ्ठ्यात ते शिरत, हे खरे. पण गाळल्याबद्दल कोणाची अनामत कापली जाण्याची सोयच नव्हती. व्हॅलिडेटर बहुधा गठ्ठा स्वतः बांधीतही नाहीत, मध्यस्थाकडून तयार घेतात. गाळणारा मध्यस्थ निवडला की हात झटकायला मोकळे.

कोणत्याही संकलनात संपादकाने काय वगळले, हे आपण प्रथम पाहतो. तोच प्रश्न येथेही लागू आहे, असे आमचे मत. वगळण्याला यांत्रिक दंड असावा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. व्यवहार पोहोचलाच नव्हता की मुद्दाम टाळला, हे सहीवरून कळत नाही, आणि निरपराध भरडला जाईल. पण इतरांच्या ठेवी गोळा करून हजारो व्हॅलिडेटर चालविणाऱ्या कंपन्यांना नाव आहे, पत्ता आहे. कोणता मध्यस्थ निवडला आणि का, हे त्यांनी जाहीर केलेच पाहिजे. ठेवीदाराने ते आधी विचारावे, आणि उत्तर पटले नाही तर ठेव काढून घ्यावी.