तुमकूर रस्त्यावरचे रोम

परप्रांती बदलीवर राहणाऱ्या आपल्या मंडळींत अलीकडे एक नवी तीर्थयात्रा रूढ झाली आहे. मुले मार्गी लागली, निवृत्ती दृष्टिपथात आली, की दांपत्य युरोपच्या सहलीस निघते. आणि त्या सहलीत रोमचे भग्नावशेष पाहणे हा विधी काशीतील गंगास्नानाइतका अपरिहार्य मानला जातो. या यात्रेचा आम्हांस हेवा नाही, आणि तिचा निषेधही करावयाचा नाही. आमचे भांडण आहे ते परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत जे प्रवचन होते त्याच्याशी. त्याचे सार ठरलेले असते : रोमने आपला भूतकाळ जपला, आपण आपला मातीत घातला, त्यांच्याजवळ इतिहास आहे, आपल्याजवळ दंतकथा. हे विधान दोन्ही अंगांनी खोटे आहे. आणि ते सुशिक्षित, अधिकारसंपन्न माणसाच्या मुखातून निघते म्हणून अधिक घातक आहे.

प्रथम रोमचे अंग पाहू. इ.स. ८० मध्ये ज्याचे उद्घाटन झाले त्या कोलोसियमच्या भिंतींवर सर्वत्र भोके दिसतात. दगडास दगड जखडण्यासाठी रोमन गवंड्यांनी लोखंडी आकडे शिसे ओतून बसविले होते. मध्ययुगात रोमच्याच नागरिकांनी ते उकरून नेले. पडलेले दगड वाडे आणि देवळे बांधण्यासाठी गेले. पँथिऑनच्या द्वारमंडपातील काशाच्या तुळया सतराव्या शतकात पोप आठव्या अर्बनने काढून वितळविल्या. म्हणजे ज्याला आपण जतन म्हणतो ते हजार वर्षे चाललेल्या लुटीतून उरलेले शेष आहे. राफाएलसारख्या चित्रकाराने सोळाव्या शतकाच्या आरंभी या विध्वंसाविरुद्ध पोपकडे गाऱ्हाणे घातले होते. रोमच्या लोकांत उपजत इतिहासप्रेम होते असे मुळीच नाही. आपल्या पायाखाली काय आहे हे त्यांपैकी काही जण वाचावयास शिकले, आणि मग हळूहळू राखावयास शिकले, एवढेच.

आता आपले अंग. पीण्या औद्योगिक क्षेत्रात आणि त्याच्या आसपास मराठी माणसांची वस्ती थोडीथोडकी नाही. कोणी बँकेत आहे, कोणी कराच्या कचेरीत, कोणी कारखान्यात साचे आणि सुटे भाग घडविण्याच्या कामावर देखरेख करतो. पीण्या इंडस्ट्री स्थानकावरून मेट्रोत बसले की शहराच्या दिशेने तिसरे स्थानक यशवंतपूर. या यशवंतपुरात १८९१ साली रोमन चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांत ऑगस्टस, टायबेरियस आणि क्लॉडियस या सम्राटांची नाणी होती. रोमच्या पदयात्रेत वाटाड्या ज्यांची नावे घेतो तेच हे सम्राट. त्यांचे मुखवटे कोरलेली चांदी आपल्या रोजच्या वाटेवर अठराशे वर्षे पुरून राहिली होती. यशवंतपूरला गाडी धरणाऱ्या आपल्यांपैकी कितीजणांच्या कानांवर ही गोष्ट कधी गेली आहे?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. नाण्यांचे मडके म्हणजे काही भग्नावशेष नव्हे. कोलोसियमच्या कमानीखाली उभे राहिल्यावर अंगावर जो रोमांच उठतो, तो नाण्याकडे पाहून कसा उठणार? रोमांचाची गोष्ट आम्हांस मान्य आहे. पण अवशेषाची थोरवी त्याच्या उंचीवर ठरत असेल, तर मग पुराण वास्तू सोडून गगनचुंबी इमारतीच पाहाव्यात. अवशेष ही साक्ष आहे. आणि साक्षीदाराची उंची कोणी मोजत नाही, तो काय सांगतो ते ऐकतात.

यशवंतपूरच्या नाण्यांची साक्ष काय आहे? रोमन ग्रंथकार प्लिनी पहिल्या शतकात तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे किमान पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो. हा आकडा त्याने फुगविला असेल. पण त्याची कुरकुर खोटी नव्हती, हे दक्षिणेत ठिकठिकाणी सापडलेले साठे सांगतात. इतकेच नव्हे, सम्राट नीरोने इ.स. ६४ मध्ये दिनार या नाण्यातील चांदी घटविली, आणि त्यानंतरची रोमन चांदीची नाणी दक्षिणेत क्वचितच आढळतात. याचा एक अर्थ असा लावला जातो की इकडचा व्यापारी राजाच्या मुखवट्याला भुलत नव्हता. तो धातूचा कस पाहत होता. पीण्यातील ज्या माणसाने आलेला माल हिणकस म्हणून परत धाडला असेल, त्याला हा पूर्वज चटकन ओळखता यावा. कोलोसियमपुढे हात जोडून उभा राहणारा आमचा प्रवासी स्वतःस त्या वैभवाचा परका प्रेक्षक समजतो. वास्तविक त्या वैभवाच्या हिशेबवहीत त्याच्या भूमीचे नाव येणेकऱ्यांच्या पानावर आहे.

आणि ही साक्ष यशवंतपूरला संपत नाही. पीण्याच्या अंगावरून जो तुमकूर रस्ता जातो तोच आपला दिवाळीला घरी जाण्याचा रस्ता. त्यावर सुमारे दोनशे किलोमीटरवर चित्रदुर्ग लागते. किल्ल्याच्या पश्चिमेस चंद्रवल्ली आहे. तेथील उत्खननांत रोमन दिनार आणि सातवाहनांची नाणी एकाच स्थळी मिळाली. तोच रस्ता पुढे कोल्हापुरास नेतो. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४४ ते १९४६ या काळात काशाच्या वस्तूंचा संच हाती आला; त्यात पोसायडन या सागरदेवतेची लहानशी मूर्ती आहे. समुद्रापासून एवढ्या दूर, घाटमाथ्यावर हा पाहुणा कोणाच्या सामानातून आला, याचा विचार करीत टाऊन हॉलच्या संग्रहालयात अर्धा तास काढणे हा कोणत्याही युरोपच्या सहलीचा उत्तम श्रीगणेशा होय. आणखी आत धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. ‘पेरिप्लस’कर्त्याने पैठणाबरोबर ज्याचा उल्लेख केला ते तगर नगर.

या तेरमध्ये आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनमध्ये हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या. त्यांची एक जवळची नातलग १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेतून वर आली. इ.स. ७९ च्या ज्वालामुखीत गाडली गेलेली ही मूर्ती लक्ष्मी म्हणून प्रसिद्ध आहे; कित्येक अभ्यासक तिला यक्षी मानतात. ती आज नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात आहे. आमची मंडळी पाँपेईपर्यंत जातात, जळलेल्या भट्ट्या पाहतात, आणि माहेरचे माणूस भेटीवाचून टाकून परततात. कारण यादीत तिचे नाव नसते, आणि यादी दुसऱ्या कोणीतरी केलेली असते.

हा केवळ सहलीच्या रुचीचा प्रश्न असता तर आम्ही एवढी शाई खर्चिली नसती. परंतु आपण अधिकारी आहोत. रस्ता कोठून न्यावा, कोणती टेकडी सपाट करावी, कोणत्या जमिनीचा आराखडा मंजूर करावा, हे ठरविणाऱ्या कागदांवर आपल्यांपैकी अनेकांच्या सह्या होतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक केले आहे. पण कायदा मजुराच्या कुदळीखाली जाऊन उभा राहत नाही. तेथे उभा असतो कनिष्ठ अभियंता, आणि त्याच्यामागे त्याचा साहेब. ‘आपल्याकडे आहे काय?’ असे ज्याने मनोमन ठरवून टाकले आहे, त्याच्या कारकिर्दीत मडके फुटते, नाणी सोनाराच्या मुशीत जातात, आणि साक्ष कायमची बुजते. तुच्छतेची ही सवय सहलीत लागते आणि तिची किंमत आपण जेथे नेमले जातो तो प्रांत मोजतो. हा प्रांत कन्नड भाषकांचा म्हणून त्याच्या मातीविषयी आपली जबाबदारी उणी होत नाही. त्याच मातीवर आपली भाकरी चालली आहे.

रोमला अवश्य जावे. पण जाण्यापूर्वी घरच्या वाटेवर चित्रदुर्गास आणि कोल्हापुरास गाडी थांबवावी, आणि इटलीत गेल्यावर नेपल्सचा एक दिवस मागून घ्यावा. मग कोलोसियमची भोके केवळ छायाचित्रात न येता डोक्यात शिरतील. आणि परतल्यावर बैठकीत जे सांगाल त्यात आपल्या भूमीविषयीची लाज नसेल, तिच्याविषयीची काळजी असेल. अधिकाऱ्याच्या हातून झालेल्या प्रवासाचे एवढे फळ तरी या प्रांताला मिळालेच पाहिजे.